एका सर्व्हरच्या ट्रॅफिकसाठी एवढा तामझाम काहून?

बर्डीवाला_रूट:
आमचं ऑफिस परसोडीच्या आयटी पार्कजवळ, लिनक्सचा सर्व्हर एकच, बिलिंग अन् फाईलींचा. नवीन पोट्टा म्हणते प्रोमिथियस-ग्राफाना (एक आकडे गोळा करते, दुसरं त्याचे ग्राफ काढते) बसवू, भिंतीवर टीव्ही लावून ग्राफ दाखवू. अबे कायले? व्हीएनस्टॅट टाकलं की झालं, ते डेटाची पॅकेटं उघडून पाहत नाही, कर्नल (लिनक्सचा गाभा) जे आकडे तसेही मोजूनच राहिला ते उचलते अन् तासाचा, दिवसाचा, महिन्याचा हिशोब लिहून ठेवते. लोड काहीच नाही. आत्ताचं पाहायचं तर एनलोड. तीन वर्षांत मले याच्यावर काही लागलं नाही.

तर्री_जास्त:
लागलं नाही का दिसलं नाही, भाऊ? मे महिन्यात आमच्याकडे दुपारी बिलिंग अडकायचं, ४५ डिग्रीत सगळे पहिले यूपीएसला शिव्या देत होते मग स्विचला, आणि व्हीएनस्टॅट सांगे सरासरी ३० एमबिट (सेकंदाला मेगाबिट), लाईन १०० ची, म्हणजे सगळं ओके. शेवटी सार कमांड (ठरावीक वेळानं आकडे दाखवणारी) एकेक सेकंदावर लावून बसलो तेव्हा कळलं, कोणीतरी कॉपीची स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी लावलेली, दीड मिनिट पूर्ण १०० भरायची आणि बाकी साडेतीन मिनिटं सुनसान. काढा सरासरी, येते ३०! डोंगर झाला सपाट.

बर्डीवाला_रूट:
मग सापडलं कशानं? सारनं. ग्राफानानं नाही ना. माझंच म्हणणं झालं हे. अन् प्रोमिथियस डिफॉल्टनं मिनिटातून एकदाच आकडे वाचते, ते बी सांग.

तर्री_जास्त:
ते १५ सेकंदांवर आणायला एक ओळ बदलायची. सार मी लावून बसलो म्हणून सापडलं, आणि तोवर दोन आठवडे गेले. आपण चहाले गेलो तर पाहणारं कोणी पाहिजे का नको?

झिरोमाईल_९:
दोघंही नळ किती वाहून राहिला तेवढंच मोजता, पाणी नेते कोण? प्रोसेस पाहायची तर नेटहॉग्ज, समोरचा आयपी पाहायचा तर आयएफटॉप. (त्यात आकडे बिटमध्ये असतात बाप्पा, बाईटसाठी आठानं भागा, नाही तर साहेब विचारतात १०० ची लाईन अन् डाउनलोड १२ च कसं.) आणि वायरच खराब असली तर ग्राफ काय करेल? आमच्याकडे ग्राफ मस्त हिरवा होता, फक्त वरून चाकूनं कापल्यासारखा, ९४ च्या वर जातच नव्हता. ईथटूल (नेटवर्क कार्डाची माहिती दाखवणारी कमांड) मारलं तर लिंकचा स्पीड १०००च्या जागी १००. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात, आणि आमच्या केबलची एक जोडी कपाटाखाली दबून तुटली होती. लिंकचा लाईट मात्र झकास लागे.

तर्री_जास्त:
हे पटलं. पण तो कापलेला माथा तुम्हाला ग्राफवरच दिसला, हे बी लिहा.

बर्डीवाला_रूट:
थांबा जरा. आमच्या एनलोडमध्ये मॅक्स ९४ च्या वर गेलेला मी बी कधी पाहिला नाही, मले वाटे आपलं ट्रॅफिकच तेवढं. पोट्ट्याले आत्ताच फोन केला, ईथटूल मार म्हटलं. १०० च दाखवून राहिलं. टीव्ही तरी बी लावू देणार नाही.