प्रीपेड फोन कार्ड घेताना काय बघता? आपापले अनुभव सांगा

भाचा पुढच्या महिन्यात क्रूझवर जातोय, पहिलंच कॉन्ट्रॅक्ट. माझी ताई डिचोलीला घरी एकटी असते, तिला व्हिडिओ कॉल वगैरे जमत नाही, साधा फोन वाजला की उचलते एवढंच. तिकडून घरी फोन करायला कुठलं कार्ड (आधी पैसे भरून, त्यावरचा पिन दाबून बोलायचं ते) घ्यावं, इथे रिचार्ज कसा करावा, ज्यांचे पैसे गेलेत आणि ज्यांचे वाचलेत त्या सगळ्यांनी लिहा. जुने अनुभवही चालतील.

तारवटीची बायको
आमचे हे अठरा वर्षं जहाजावर होते. सुरुवातीला अमेरिकेतल्या बंदरात उतरले की पाच डॉलरचं कार्ड घ्यायचे, वर मोठ्या अक्षरात २५० मिनिटं, म्हणजे मिनिटाला दोन सेंट, आणि रोज पाच मिनिटं फोन करायचे तर आठवड्यात कार्ड संपायचं! आम्हाला वाटायचं दुकानदाराने फसवलं. मग एका जुन्या कुकने कार्ड उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली, दर कॉलला ५९ सेंट कनेक्शन फी. म्हणजे पाच मिनिटांचे दहा सेंट अधिक ५९, एक कॉल ६९ सेंटला, पाच डॉलरात सातच कॉल. त्यापेक्षा मिनिटाला पाच सेंटवालं बिनफीचं कार्ड घेतलं तर १०० मिनिटं, म्हणजे तसलेच वीस कॉल. फीवालं कार्ड वाईटच असं नाही हां, चवथीला घरातली सगळी जमली की तासतासभर बोलायचे तेव्हा तेच स्वस्त पडायचं, कारण फी एकदाच. आणि फोन लावल्यावर ती बाई सांगते ना "तुमच्याकडे अमुक मिनिटं आहेत", ती एका दमात बोललात तरच. फोन ठेवून परत लावला की परत फी. पब्लिक फोनवरून लावला तर त्याचा वेगळा आकार कापायचे. मी वहीच केली होती, तारीख, किती मिनिटं बोललो, किती उरली. दोन कार्डांत कळतं कुठलं खरं ते.

शारजाहून परतलेला
वरच्या ताईंशी सहमत. माझ्या एका कार्डात तीन-तीन मिनिटांनी पैसे कापायचे, चार मिनिटं बोललो तर सहाचे गेले. मी मोबाइलवर टायमर लावून पावणेतीन मिनिटांना फोन ठेवायचो, आई बिचारी वाक्याच्या मधेच राहायची, ते आठवलं की अजून वाईट वाटतं. यूएईत व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलता येत नाही, त्यामुळे कार्ड लागायचंच. काही कार्डांची मुदत पहिला कॉल केला की सुरू होते, म्हणून चार एकदम घेतली तरी एक संपल्याशिवाय दुसरं उघडू नका. आणि कार्डावरचा पिन झाकणारा थर नाण्याने जोरात खरवडू नका! माझ्या हातून पिनमधला एक आकडा पुसला गेला, तीन होता की आठ ते शेवटपर्यंत कळलं नाही. बोटाच्या नखाने हळू काढा आणि लगेच फोटो काढून ठेवा, पावतीही.

काणकोणकार
मोबाइल कंपन्यांच्या हिशेबात गोवा आणि महाराष्ट्र एकच सर्कल, म्हणजे एकच विभाग, महाराष्ट्रातल्या बांद्याला गेलं तरी आपण घरातच. पण आम्ही पोळ्याजवळ राहतो, पलीकडे माजाळी, म्हणजे कर्नाटक. २०१० च्या आसपास घरी बसून मोबाइल तिकडचा टॉवर पकडायचा आणि येणाऱ्या फोनचेही पैसे जायचे. नेटवर्क आपोआप ऐवजी हाताने निवडलं तेव्हा कुठे थांबलं.

फोंडा तिस्क
माझं रिचार्जचं दुकान होतं. तेव्हा कूपनवर पट्टा असायचा, हिरवा टॉपअप म्हणजे टॉकटाइम, पिवळा स्पेशल दर, लाल प्लॅन. लोक नुसते "शंभरचं दे" म्हणायचे, पट्टा कोणी बघत नसे, मग टॉकटाइम आला नाही म्हणून माझ्याशी भांडण. आताही तेच, फक्त कूपन गेलं. २८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२२ मध्ये सांगितलंय की निदान एक पॅक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला होणारा ठेवायलाच हवा, तो मागून घ्या. तुमच्या ताईंना नेट नको असेल तर त्यांच्यासाठी नुसत्या कॉल-एसएमएसचा पॅक बघा, डिसेंबर २०२४ च्या नियमाने तो द्यावा लागतो, आणि अशा पॅकची मुदत आता ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. न विचारता कॉलर ट्यून वगैरे लागून पैसे जात असतील तर १५५२२३ वर बंद करता येतं.

वाळपईहून
एक महत्त्वाचं राहिलं, भाच्याचा इथला नंबर! ९० दिवस काहीच वापर नसला की नंबर बंद होऊ शकतो. माझा मुलगा आठ महिन्यांनी उतरला तेव्हा सिम मेलेलं आणि बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर. पगार खात्यात, पण हात लावता येईना, पंधरा दिवस नुसत्या खेपा. निघण्यापूर्वी लांब मुदतीचा पॅक मारा आणि सिम ताईंच्या एखाद्या जुन्या हँडसेटमध्ये घालून चालू ठेवा.

धागाकर्ती
नंबरचं तर डोक्यातच आलं नव्हतं, आजच भाच्याला सांगते. ताईला फोन केला होता, म्हणाली वही आहे माझ्याकडे, दुधाच्या हिशेबाची, मागची पानं कोरीच आहेत.