मदत हवी आहे : दादाला दारू सोडायची आहे, ठाणे-नवी मुंबईत मराठी गट कुठे?

नमस्कार मंडळी,

माझ्या मोठ्या भावासाठी विचारतेय. दादा कळव्याला आई आणि वहिनीसोबत राहतो, नोकरी रबाळे एमआयडीसीत. मी ऐरोलीला. त्याचं पिणं जुनंच आहे, पण हल्ली सकाळीच सुरू होतं. उठल्यावर हात इतके थरथरतात की चहाचा कप उचलवत नाही. बशी ओट्यावर ठेवतो आणि वाकून तोंड लावतो. क्वार्टर पोटात गेली की हात स्थिर होतात, मग कामावर जातो.

परवा तो आपणहून म्हणाला, "ते एए का काय असतं, तिथे जाऊन बघतो. पण कळव्यात नको." (एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट.) ओळखीचं कुणी भेटेल याची धास्ती. वहिनी चिडली, म्हणाली, दुकानासमोर उभं राहताना नाही वाटत ती लाज? तिचंही खरं आहे, फार सोसलंय तिनं. पण तो स्वतःच्या तोंडानं बोललाय, ही वेळ मला हातची जाऊ द्यायची नाहीये. गटारी तोंडावर आली आहे, दरवर्षी कंपनीतल्या मंडळींचा बेत असतो. त्याआधी तो एकदा तरी जाऊन यावा असं फार वाटतं.

ऐरोली ते वाशी-नेरुळ पट्ट्यात किंवा ठाण्यात, संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर गाठता येईल अशी मराठीतून चालणारी मीटिंग आहे का? मी सोबत आत बसू शकते का? पैसे किती लागतात? पिऊन गेला तर हाकलून देतील का? आणि एका नातेवाइकानं चहातून गुपचूप द्यायच्या गोळ्या सुचवल्यात, आई त्याला तयार झालीय. कुणाला अनुभव आहे का?

– ऐरोलीची बहीण

प्रतिसाद : खाडीपलीकडचा

ताई, मी स्वतः एएमुळे दारूपासून लांब आहे. नाव सांगत नाही, आमच्यात तीच रीत आहे.

आधी गोळ्यांचं. आईंना आजच थांबवा. अशा गोळ्यांत बहुधा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. हे औषध डॉक्टर देतात, पण रुग्णाला सांगून, तपासून, आणि दारू थांबवून किमान १२ तास झाल्यावर. चोरून कधीच नाही.

दुसरं, सकाळी हात थरथरतात म्हणजे शरीर दारूवर टेकलंय. उद्यापासून एकदम बंद, असं घरच्या घरी करू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रमही होतो. आधी मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे, नावाला बिचकू नका. १४४१६ ही टेलि-मानसची सरकारी हेल्पलाइन चोवीस तास मोफत असते, मराठीतून बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ वेगळी आहे. एएत औषधं मिळत नाहीत, म्हणून डॉक्टर आणि मीटिंग दोन्ही हवं.

आता मीटिंग. फी नाही, फॉर्म नाही. शेवटी एक पिशवी फिरते, नव्या माणसानं काही टाकलं नाही तरी चालतं. सभासद व्हायला अट एकच : दारू सोडायची इच्छा. थोडी पिऊन आला तरी सहसा कुणी बाहेर काढत नाही, गप्प बसून ऐकावं इतकंच. बोलायची सक्ती नसते. शेवटी प्रार्थना होते, पण हा कुठल्या धर्माचा पंथ नाही. तुम्हाला सोबत बसायचं असेल तर ओपन मीटिंग आहे का ते विचारा. क्लोज्ड मीटिंग फक्त पिणाऱ्यांसाठी असते. जागा बहुतेक शाळेचा वर्ग नाहीतर चर्चची खोली. वेळा बदलतात, म्हणून एएच्या हेल्पलाइनवर फोन करून मगच निघा. शक्य असेल तर फोन दादांनाच करू द्या. पलीकडे बोलणारा कधीतरी तसाच थरथरलेला असतो, ते त्यांना आवाजातच कळेल.

ओळखीचं भेटण्याबद्दल त्यांना एवढंच सांगा : जो भेटेल तोही दारूसाठीच तिथे आलेला असेल.

प्रतिसाद : अंगणातली

वहिनींना विसरू नका. घरच्यांसाठी अल-अनॉन हा वेगळा गट असतो. नवरा सुधारो न सुधारो, बायकोनं तिथे जावं. मी जायला लागल्यावर खिसे तपासणं, बाटल्या मोरीत ओतणं, त्यांच्या साहेबांना "ताप आलाय" असा फोन करणं, सगळं बंद केलं. तेव्हा कुठे रात्री झोप लागायला लागली.

ऐरोलीची बहीण :

दोघांचे मनापासून आभार. गोळ्यांची पुडी आईकडून काढून घेतली. दादाला प्रतिसाद वाचून दाखवला, फिटचं ऐकून तो डॉक्टरांकडे यायला कबूल झालाय; सुट्टी टाकून मीच घेऊन जाणार आहे. एएच्या हेल्पलाइनला तो आज जेवल्यावर फोन करतो म्हणाला. पहिल्या दिवशी कुणी सभासद त्याला कोपरखैरणे किंवा वाशी स्टेशनवर भेटून सोबत नेऊ शकेल का? असेल कुणी तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नंबर तिथेच देते. वहिनीसाठी मराठी अल-अनॉन माहीत असेल तर तेही कळवा, तिला दुपारची वेळ बरी पडेल.