मदत हवी आहे: फॅमिली मेडिसिनच्या एक्स्चेंजला ब्राझील की इंग्लंड?

नमस्कार मंडळी, मी नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडच्या एका पीएचसीत मेडिकल ऑफिसर आहे, डीएनबी फॅमिली मेडिसिन (एमबीबीएसनंतरचं फॅमिली डॉक्टरकीचं शिक्षण) नुकतंच झालंय. वोंका म्हणजे फॅमिली डॉक्टरांची जागतिक संघटना, तिच्या तरुण डॉक्टरांच्या गटांमधून एफएम३६० नावाचं एक्स्चेंज चालतं, जास्तीत जास्त ४ आठवडे परदेशी दवाखान्यात बसून काम बघायचं. आपला साऊथ एशियाचा गट म्हणजे स्पाईस रूट.

घरचे, मित्र सगळे म्हणताय इंग्लंडला जा, भाषेची अडचण नाही, पुढे एमआरसीजीपी इंटरनॅशनल (फॅमिली डॉक्टरांची ब्रिटिश परीक्षा) द्यायची तर कामात येईल. पण माझ्याकडे पावरा-भिल्ल वस्तीतली सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची पोरं येतात, डोंगर उतरून येतात, दुखणं थांबलं की येणं बंद, फॉलिक ॲसिड संपलं तरी फिरकत नाहीत, हायड्रॉक्सीयुरिया हे औषध चालू करायचं तर दर वेळी सीबीसीला, म्हणजे रक्ततपासणीला कोण आणणार, सगळा भार आशाताईंवर. २०२३ ला केंद्राचं सिकलसेल मिशन सुरू झालं, तपासण्या होताय, चांगलंच आहे. पण रिपोर्ट आल्यावर ते घर वर्षानुवर्षं धरून कसं ठेवायचं, मला ते शिकायचंय.

ब्राझीलमध्ये १९९४ पासून डॉक्टर, नर्स आणि घरोघर फिरणारे हेल्थ एजंट अशी टीम असते, टीमला ठरावीक कुटुंबं वाटून दिलेली. सिकलसेल तिकडेही आहे, २००१ पासून नवजात बाळांच्या तपासणीत घेतलाय. म्हणून मन तिकडे ओढतंय, पण पोर्तुगीज अजिबात येत नाही.

कोणी जाऊन आलंय का? भाषेचं कसं जमवलं? आणि झेडपीकडून एनओसी अन् रजा कशी काढली? पावसाळ्यात इथून हलता येणार नाही, साथीचे आजार सुरू असतात.

प्रतिसाद:
डॉक्टर, ब्राझीलच बघा. इंग्लंडमध्येही बाळांची तपासणी होते, पण सिकलसेलचं पुढचं बरंचसं काम हॉस्पिटलच्या स्पेशल सेंटरकडे जातं, जीपीकडे (तिकडच्या फॅमिली डॉक्टरकडे) बसून तुम्हाला हवं ते फारसं दिसणार नाही. होस्ट डॉक्टरला आधीच मेल टाकून सांगा की ओपीडीपेक्षा मला एजंटसोबत घरभेटींना फिरायचंय, आणि इंग्रजी बोलणारं कोणी टीममध्ये आहे का तेही तेव्हाच विचारा. खर्च आपलाच धरून चाला. एनओसीचा अर्ज टीएचओ म्हणजे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत आत्ताच टाका, व्हिसाच्या आधी तोच कागद अडतो.