लागरचा गाळ: कॅन बदलायचा का गप बसायचं?

जालनेकर_77: घरी लागर (गारव्यात हळू आंबवायची बिअर) करताना कॅनच्या तळाला यीस्टचा गाळ बसतो. काल एकानं ठोकून दिलं, "सातव्या दिवशी बिअर गाळावरून दुसऱ्या कॅनमध्ये काढा, नाहीतर यीस्ट सडतं." कामून घाबरवता राव नव्या पोरांना? ही भीती कारखान्यातली आहे, तिथं उंच टाकीच्या बुडाला ढीगभर गाळ दबून आतून तापतो. आपल्या 20 लिटरच्या कॅनात बोटभर थर, त्याला कसला दाब! मी 10-12 अंशावर महिना हात लावत नाही. सातव्या दिवशी काढलं की कामाचं यीस्टच मागं राहतं, मग बिअरला बटरस्कॉचचा वास, अन् हवा लागली तर भिजल्या पुठ्ठ्याची चव. शेवटी दोन-तीन दिवस 16-17 वर न्या, वास मरू द्या, मग 1-2 अंशावर तीन दिवस. गाळ घट्ट बसतो. नळी दोन बोटं वर धरा, झालं.

परभणीचा_घाम: महिनाभर 10 अंश! तुमच्याकडं लाईट जात नाही वाटतं. मागच्या मे मध्ये आमच्या गल्लीतला डीपी जळाला, चार दिवस फ्रिज बंद, बाहेर 43. कॅन उघडला तर रबर जाळल्यावानी वास, सगळी मोरीत. गाळावरून आधीच काढली असती तर वाचली असती.

जालनेकर_77: मग दोष डीपीचा, गाळाचा कसा?

परभणीचा_घाम: गरम झाल्यावर गाळच सडतो ना साहेब!!

लातूरची_घागर: दोघं बी थांबा. दुसरा कॅन म्हणजे अजून एक कॅन धुणं. आंबवण्याआधी उकळलेला धान्याचा रस नळीच्या कॉइलनं गार करायला शंभरेक लिटर पाणी जातं ते वेगळंच. आमच्याकडं 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलतं, विसरलात का?

वाळूज_सेकंड_शिफ्ट: आलं पाणी! त्याच साली हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं बिअर-दारू कारखान्यांचं पाणी 60 टक्के कापलं, आमची शिफ्ट बंद, घरी बसलो. उसाला कुणी हात लावला? बारा महिने उभा असतो पाटाच्या पाण्यावर.

लातूरची_घागर: ऊस शेतकऱ्याचा आहे, तुमच्या बाटलीसारखा चैनीचा नाही.

वाळूज_सेकंड_शिफ्ट: हो का, अन् मळीची दारू कोण पितं, बैल?

बीड_नवशिका: भांडण झालं असंल तर सांगा, गाळ बसायला पाण्यात फिरवतो तशी बिअरमध्ये तुरटी फिरवली तर चालंल का?

जालनेकर_77: तुरटी नको बाबा! जिलेटिन, अर्धा चमचा, गरम पाण्यात, उकळायचं नाही. बिअर थंड झाल्यावरच टाक.

कायदा_भाऊ: 1949 चा दारूबंदी कायदा वाचा आधी, मग गाळ उपसा.

वाळूज_सेकंड_शिफ्ट: आले, मास्तर आले.

जालनेकर_77: परभणीवाले, तुमचं एक मान्य. फ्रिजचा भरवसा नसंल तर आंबणं पुरं झाल्यावर काढा गाळावरून. पण सातव्या दिवशी नाही म्हणजे नाही.

परभणीचा_घाम: उपकार झाले. मी आता मे मध्ये लागर करीतच नाही.