प्रॉडक्शन मॅनेजर व्हायचे असल्यास क्वालिटीतील बदली स्वीकारावी का?

प्रश्न (चाकण)
मी मेकॅनिकल डिप्लोमा करून वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ट्रेनी म्हणून लागलो आणि गेली चार वर्षे मशीन शॉपमध्ये शिफ्ट इंजिनिअर आहे. पुढे प्रॉडक्शन मॅनेजर व्हावे, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. आता कंपनीने मला क्वालिटी विभागात दोन वर्षांसाठी बदली देऊ केली आहे. सहकारी म्हणतात की, लाइन सोडली की प्रमोशन हुकते. घरच्यांना वाटते की मी नोकरी सांभाळून एमबीए करावे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (भोसरी, प्रॉडक्शनमध्ये २६ वर्षे)
बदली स्वीकारा, मात्र त्याआधी आपल्या लाइनची मिनिटे कुठे जातात हे स्वतः मोजून घ्या. समजा, जेवणाची आणि चहाची सुट्टी वजा जाता शिफ्टमध्ये ४५० मिनिटे उरतात आणि एका नगाला एक मिनिट लागते. सेटिंग आणि ब्रेकडाउनमध्ये मशीन ६० मिनिटे बंद राहिले, उरलेल्या ३९० मिनिटांत ३५१ नग निघाले आणि त्यांतले ११ रिजेक्ट झाले, तर हाती ३४० चांगले नग येतात, म्हणजे ओईई (उपलब्ध वेळेपैकी चांगले नग काढण्यात लागलेला वाटा) सुमारे ७६ टक्के. बंद मशीन सर्वांना दिसते, रिजेक्शनचा ढीगही दिसतो. पण चिप (धातूचा कीस) अडकली, नग नीट बसला नाही, माप तपासायचा गेज शोधावा लागला, अशा बारीकसारीक थांबण्यात गेलेली ३९ मिनिटे कोणत्याच रिपोर्टमध्ये येत नाहीत, आणि मॅनेजरचे खरे काम तिथेच असते.

माझ्या पहिल्या कारखान्यात रात्रपाळीचे उत्पादन कायम कमी येई आणि दोष ऑपरेटरवर जाई. मी सलग तीन रात्री मशीनजवळ उभा राहिलो, तेव्हा कळले की इन्सर्टच्या (टूलला लावायच्या कापणाऱ्या पात्यांच्या) कपाटाची किल्ली स्टोअरकीपर संध्याकाळी घरी घेऊन जातो आणि टूल तुटले की मुले शेजारच्या शॉपमध्ये मागायला जातात. ज्या माणसांना आम्ही महिनोन्‌महिने बोल लावला, त्यांची त्यात काहीच चूक नव्हती, याचे मला आजही वाईट वाटते.

क्वालिटीत गेलात की ग्राहकाच्या तक्रारीपासून मागे चालत येऊन नेमके कोणत्या मशीनवर आणि कोणत्या सेटिंगनंतर माप हलले हे शोधण्याची सवय लागते, जी लाइनवर असताना डिस्पॅचच्या घाईत लागत नाही. एमबीए नंतरही करता येईल.

उत्तर (कोल्हापूर, फाउंड्री म्हणजे ओतकामाचा कारखाना)
वरील मताशी मी सहमत आहे, परंतु माणसे सांभाळण्याचा भाग त्यात राहून गेला. आमच्याकडे भट्टीतला धातू तयार झाला की तो थांबत नाही. लेडलमध्ये (वितळलेला धातू ओतायच्या भांड्यात) तापमान उतरले तर कास्टिंगमध्ये कोल्ड शट येतो, म्हणजे धातूचे प्रवाह नीट एकजीव होत नाहीत, त्यामुळे मोल्डिंगचे दोन कामगार गैरहजर असले तरी त्याचा फटका पूर्ण हीटला (भट्टीतून एका वेळी निघालेल्या धातूला) बसतो. गणपतीत आणि दिवाळीत कोण रजेवर जाणार हे महिनाभर आधी विचारून ठेवणे, कायम आणि कंत्राटी कामगारांना एकाच भाषेत बोलणे, आठवड्याच्या ४८ तासांवर काम घेतले तर ओव्हरटाइम दुप्पट दराने वेळेवर निघतो ना हे स्वतः पाहणे, यावर कामगारांचा विश्वास ठरतो. तो विश्वास नसेल, तर ओईईचे आकडेही खरे लिहिले जात नाहीत.

उत्तर (नाशिक, सातपूर)
मी क्वालिटीतून प्रॉडक्शनमध्ये आले. बदली घेताना दोन वर्षांनी परत लाइनवर घेण्याची गोष्ट लेखी मागून घ्या. तोंडी आश्वासन देणारे साहेब तोवर दुसरीकडे गेलेले असू शकतात.

प्रश्नकर्ता (चाकण)
सर्वांचा आभारी आहे. लेखी पत्राविषयी सोमवारी एचआरकडे विचारणा करतो. तोपर्यंत या आठवड्याच्या रात्रपाळीत एका मशीनजवळ वही घेऊन उभा राहीन आणि प्रत्येक थांबण्याची वेळ लिहून काढीन.