ब्रिटनमध्ये निबंधावर ‘फार वर्णनात्मक’ असा शेरा का येतो?

जुळे_सोलापूर: पुतणी इथून बीई करून तिकडे मास्टर्सला गेलीय. 2000 शब्दांच्या निबंधाला 54 गुण आणि हा शेरा. संदर्भ तर 20 दिलेत! कमी काय पडलं?

भुईकोट: काका, तिथे मास्टर्सला साधारण 50 ला पास, 70 ला डिस्टिंक्शन, तेव्हा घाबरू नका. पण नुसते संदर्भ मोजत नाहीत, ते एकमेकांसमोर उभे करावे लागतात. ‘सोलापुरी चादरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं’ ही झाली माहिती. ‘फायदा विणकराला की व्यापाऱ्याला, आणि कशावरून?’ इथून विचार सुरू होतो. दावा, पुरावा आणि त्या पुराव्याची मर्यादा, हे तिन्ही लिहायला सांगा.

चादरवाला: संदर्भ न देता शब्द फिरवून लिहिलेलंही तिथे वाङ्मयचौर्यच. पुस्तक मिटून लिहावं, मग ताडून स्रोत टाकावा. सेमिनारमध्ये सरांचं मत जरूर खोडावं, कारण मात्र द्यावं.