आधी एसएसडी, मग बाकीचं

इंटेलच्या चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर असलेल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये नुसता नवा प्रोसेसर टाकायचं तुम्ही म्हणताय, पण त्याच्या मदरबोर्डचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा, ११५० प्रकारची. सहाव्या पिढीपासूनचे प्रोसेसर त्यात बसतच नाहीत. रॅमही डीडीआर३ या जुन्या प्रकारची, आजच्या नव्या बोर्डावर चालणार नाही. म्हणजे प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम तिन्ही नवं घेणं आलं.

बिलं आणि मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल तर हार्ड डिस्क काढून तिच्याच साटा जोडणीवर एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी वेगवान डिस्क) लावा, फरक लगेच जाणवेल. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर नाही, तेव्हा विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाका.

व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल तर मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन नवाच कॉम्प्युटर असेंबल करा. मॉनिटर, कीबोर्ड जुने चालतील. जुना एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) कृपा करून परत वापरू नका.